हॉलमधलं खोटं झाड, किचनमधली वेल आणि तोंडावर आलेली दिवाळी: मदत हवी

रेवती_ठाणे | ५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

दसऱ्याला तोरण बांधायला स्टुलावर चढले आणि हॉलमधल्या आमच्या झाडाकडे आठ वर्षांत पहिल्यांदा वरून पाहिलं. खालून हिरवं, वरून राखाडी. एका पानावर बोट फिरवलं तर बोटाला धुळीची टोपीच आली. पाहुणे सोफ्यावर बसतात, वर कोणी बघत नाही, म्हणून आजवर अब्रू शाबूत.

हे झाड म्हणजे पाच फुटी फायकस. खोड खऱ्या लाकडाचं, पानं कापडाची वाटतात. वास्तुशांतीला नणंदेने दिलेलं. दुसरी आहे स्वयंपाकघराच्या खिडकीवर सोडलेली मनीप्लांटची खोटी वेल. गॅसपासून चार फुटांवर, आणि आमच्याकडे फोडणी दोन्ही वेळची. पानं इतकी मेणचट झालीत की चिमटीत धरून सोडलं की 'चट' असा आवाज येतो. तिसरे फुलदाणीतले कापडी गुलाब, लालभडक, एक डझन.

काल अक्कलहुशारीने त्यातला एक गुलाब साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवला. दहा मिनिटांनी मगमध्ये कोकम सरबत आणि गुलाब फिक्का गुलाबी. अकरा शिल्लक आहेत.

नवरा म्हणतो टाकून दे, नवीन आण. पण झाड सासूबाईंच्या लेकीने दिलेलं आहे, तेव्हा तो विषय घरात निघत नाही. व्हिडिओ पाहिले, त्यात सगळे आधीच स्वच्छ असलेली झाडं पुसत असतात. तुम्ही घरी खरोखर काय करता ते सांगा.

चिंगी | ५ ऑक्टोबर, रात्री १०:५२

वाचतेय. आमचा बांबूही वरून राखाडीच असणार. आता स्टुलावर चढायची हिंमत नाही.

बंड_पंप | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

काय करायचं नाही ते मी सांगतो.

मागच्या दिवाळीत बायकोने असंच एक झाड साफ करायला दिलं. मी म्हटलं, हवेचा झोत मारला की काम फत्ते. झाड स्कूटरवर पुढे उभं करून पंक्चरवाल्याकडे नेलं. त्याने पाइप लावला, खटका दाबला. धूळ गेली. पानंही गेली. निम्मी रस्त्यावर, काही त्याच्या टायरांत, एक शेजारच्या चहावाल्याच्या पातेल्यात. घरी नेलं ते पानगळीचं झाड. बायको अजून त्याला 'तुझं काश्मीर' म्हणते.

माजघर | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

रेवती, घाई करू नकोस. सगळ्यांची चूक एकच होते, आधी ओलं फडकं लावतात. कोरड्या धुळीला पाणी लागलं की तिचं पिठलं होतं आणि ते पानाच्या शिरांत जाऊन बसतं. एकदा बसलं की ब्रशनेच काढावं लागतं.

आधी कोरडं. झाड गॅलरीत ने, खाली जुनी चादर घाल. रंगकामाचा दोन इंची मऊ ब्रश आण, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण नवा हवा, रंगाने कडक झालेला चालणार नाही. शेंड्यापासून खाली यायचं. एका हाताचा तळवा पानाखाली धरायचा आणि देठाकडून टोकाकडे ब्रश ओढायचा. उलट दिशेने ओढलास तर कापडी पानाच्या कडा विसविशीत होतात, दोरे निघतात. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर ठेवून हातभर अंतरावरून मार.

माझी आवडती युक्ती मोज्यांची. ह्यांचे एकटे पडलेले सुती मोजे दोन्ही हातांत घालायचे, किंचित ओलसर करायचे आणि पान दोन तळव्यांत धरून ओढायचं. दोन्ही बाजू एकदम पुसल्या जातात. हे अर्थात कोरडी धूळ निघाल्यावर. पाच फुटी झाडाला दोन तास लागतात. रेडिओ लावून बसायचं.

धुवायचं का, ते पान कशाचं आहे त्यावर. ते इथल्या जाणकारांनी सांगावं.

दवबिंदू | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

काकूंना +१. फक्त नाकाला मास्क लावा. मला दमा आहे, एकदा तसंच झटकायला बसले आणि रात्रभर पंप घेत बसले.

गुलाबांसाठी मिठाची युक्ती करून बघा. कागदी पिशवीत वाटीभर जाडं मीठ, त्यात फुलं उलटी घालायची, तोंड आवळायचं आणि दोन मिनिटं हलवायचं. मिठाचे खडे पाकळ्यांवर घासले जातात आणि धूळ घेऊन खाली पडतात. पाणी नाही, रंग जायचा प्रश्न नाही. नंतर मिठाचा रंग बघा, किळस येईल.

खारा_वारा | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

दवबिंदू, ही युक्ती कोरड्या हवेतली आहे. आम्ही रत्नागिरीकर. आईने हौसेने केली होती. पाकळ्यांच्या बुडाशी चार कण राहतात, ते दिसत नाहीत. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पुढच्या पावसाळ्यात फुलं खालून ओलसर, देठातल्या लोखंडी तारेला गंज, आणि गंजाचं पाणी पाकळीवर उतरून विटकरी डाग. तो डाग काही केल्या निघाला नाही. ठाण्यात पावसाळा काही कमी नाही. केलंच तर फुलं उलटी धरून देठावर खूप वेळ टिचक्या मारा, आणि वर थंड ड्रायर फिरवा.

आमच्याकडे धुळीपेक्षा बुरशीचा त्रास जास्त. जून ते सप्टेंबर ही सगळी फुलं आम्ही काढून ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आत घाम धरतो. जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून कपाटावर.

मोल्डिंगवाला | ६ ऑक्टोबर, दुपारी १:४५

जेवणाच्या सुट्टीत टंकतोय. भोसरीत प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा मला जन्मसिद्ध हक्क आहे.

बाजारात 'सिल्क फ्लॉवर' म्हणून मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टरचं कापड असतं, रेशमाचा संबंध नावापुरता. वेली, गवत, सक्युलंट वगैरे पॉलिएथिलीन किंवा पीव्हीसी. हाताला खऱ्यासारखी लागतात त्या ट्युलिप-ऑर्किडवर लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो.

ओळखायचं कसं? मागच्या बाजूचं एक पान कापा, साबणाच्या पाण्यात बुचकळून हवेचे बुडबुडे काढा आणि पाण्याच्या पेल्यात सोडा. पॉलिएथिलीनची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९२ ते ०.९६ च्या आसपास. ते तरंगतं. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर दोन्ही बुडतात. कापड डोळ्यांना कळतं, म्हणजे उरलं ते पीव्हीसी.

एवढा खटाटोप चिकटपणासाठी. चिकट पान दोन प्रकारचं असतं. एक, फोडणीच्या तेलाची वाफ पानावर बसते, हवेने हळूहळू घट्ट होते आणि वार्निशसारखा थर तयार होतो. तो धुतला की जातो, मेहनत लागते इतकंच. दुसरा प्रकार पीव्हीसीचा. पीव्हीसी मुळात कडक, ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात. काही वर्षांनी, त्यातून गरम जागी, तो द्रव पृष्ठभागावर यायला लागतो. असं पान धुतलं की चार दिवस बरं, मग पुन्हा चिकट. त्याच्याशी भांडू नका, त्याचं वय झालं.

पाणी हाताला सोसेल इतकंच कोमट घ्या. पाकळ्या आणि देठ ग्लू गनने चिकटवलेले असतात, तो गोंद उकळत्या पाण्यात मऊ होतो. गरम ड्रायरनेही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट यांच्या वाटेला जाऊ नका, छापलेल्या शिरा पुसल्या जातील. आणि चमक आणायला खोबरेल तेल लावणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. दोन दिवस चमकतं, तिसऱ्या दिवशी धुळीला आमंत्रण.

चिंगी | ६ ऑक्टोबर, दुपारी १:५८

खोबरेल तेल मीच लावलं होतं. गप्प बसते.

मागावरचा_बाळू | ६ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

गुलाबाच्या रंगाबद्दल. इचलकरंजीत प्रोसेस हाऊसमधी, म्हंजे कापड रंगवायच्या कारखान्यात, नोकरी केली वीस वर्षं. पॉलिएस्टर रंगवायचं तर डिस्पर्स रंग लागतो आणि बंद मशीनमधी साधारण १३० अंशाला शिजवायला लागतं, तवा कुठं रंग धाग्याच्या आत शिरतो. नंतर वरचा सुटा रंग धुऊन काढायचा असतो. स्वस्त फुलाच्या कापडाला हे धुणं नीट झालेलं नसतंय, म्हणून लाल, जांभळा, गडद निळा पाण्यात उतरतो. कोण म्हणंल मिठाच्या न्हाईतर व्हिनेगरच्या पाण्यात रंग पक्का होतोय, तर घरच्या बादलीत पॉलिएस्टरचा रंग पक्का होत नाही. विषय संपला.

पांढरं सुती फडकं ओलं करून पाकळीच्या मागं मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला की ते फूल बुडवायचं नाही, नुसता ब्रश मारायचा. त्या फिक्या गुलाबाचं वाईट वाटून घेऊ नका, गुलाबी बी चांगलाच दिसतो.

रेवती_ठाणे | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बाळूदादा, अकरा लाल आणि एक गुलाबी. सासूबाईंनी विचारलं, 'हा नवीन आणलास का?' मी 'हो' म्हटलं.

तपासणीचा अहवाल: फायकसचं पान बुडालं, कापडच आहे. वेलीचं पान तरंगलं! म्हणजे तेलच. गॅलरीत कोपऱ्यात एक गवताची कुंडी होती, तीही उत्साहाने तपासली, बुडाली. तीच ती, दर महिन्याला पुसते आणि दर महिन्याला चिकटते. माझ्या पुसण्यात खोट नव्हती हे ऐकून इतकं बरं वाटलं.

गुलछडी_मावळ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

राग मानू नका, पण हा धागा वाचून पोटात कालवतं. आमचं वीस गुंठे पॉलिहाऊस आहे, जरबेरा लावतो. सणाच्या तोंडावर फूल काढावं आणि मंडपवाल्यानं सांगावं, 'या वर्षी प्लास्टिकचं घेतलंय, तीन वर्षं चालतं.' फुलांच्या राज्यात लोक प्लास्टिकची फुलं साबणानं धुतात. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली तेव्हा वाटलं होतं, आता हीही जातील. तसं काही तेव्हा झालं नाही. बंदीसाठी फूलवाले उच्च न्यायालयापर्यंत गेले. दहा रुपयांचं खरं फूल आणा की. चार दिवसांनी टाका, खत होतं.

बंड_पंप | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

धागा साफसफाईचा आहे हो दादा. वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

माजघर | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

बंडू, त्यांना बोलू दे. त्यांचं पोट आहे त्यावर.

देवाला मी कधीच खोटं फूल वाहत नाही, कोनाड्यात रोज दोन तरी ताजी असतातच. पण हॉलच्या ज्या कोपऱ्यात ऊन येत नाही तिथे खरं झाड दोनदा मारून झालंय माझं. आणि घरात आलेलं प्लास्टिक फेकून नवं आणण्यापेक्षा आहे ते दहा वर्षं टिकवणं मला जास्त पटतं. रेवती धुतेय म्हणजे निदान नवीन विकत तरी घेत नाहीये.

गुलछडी_मावळ | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

काकू, हे मान्य. धुवा. पण लक्ष्मीपूजनाला शेवंती खरीच घ्या.

सदाफुली_दादर | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

आमच्या घरचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दारात खोट्या बांबूची उंच कुंडी होती. गेल्या जुलैत पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक डासांच्या अळ्या शोधत सोसायटीत आले. फ्रिजचा ट्रे पाहिला, मनीप्लांटच्या बाटल्या पाहिल्या, सगळं ठीक. जाता जाता एकाने बांबूच्या कुंडीत टॉर्च मारला. म्हणाला, 'मॅडम, या बघायला.' आत चार बोटं पाणी आणि त्यात वळवळ.

झालं असं की आमच्या कामाच्या मावशी नवीन होत्या. खऱ्या कुंड्यांना पाणी घालताना त्या इमानेइतबारे बांबूलाही तांब्याभर घालत होत्या. दोन महिने. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, 'मला वाटलंच, हे वाढत कसं नाय.'

शोभेच्या कुंडीला खाली भोक नसतं. आत प्लास्टरचा गोळा किंवा थर्माकोल असतो आणि बाजूने पोकळी. डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. झाड धुतल्यावर कुंडी उलटी करून ठेवा, पाणी राहिलं नाही ना बघा. प्लास्टर भिजलं तर कुबट वास सुटतो आणि तार बुडाशी गंजते. आमचा बांबू तसाच एक दिवस मुळासकट, म्हणजे तारेसकट, आडवा झाला.

वाळूतला_मोती | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:००

कतारमधल्या दोह्याहून. इथे धूळ अशी की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहिता येतं. बाल्कनीत उन्हात खरं झाड टिकवणं अवघड, म्हणून निम्म्या इमारतीत खोटी झाडं.

कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका. प्लास्टिकवर घर्षणाने विद्युतभार येतो, केसांतून फिरवलेल्या फणीला कागदाचे कपटे चिकटतात तसा, आणि पान पुन्हा धूळ ओढतं. मी शेवटच्या पाण्यात कपड्यांचं फॅब्रिक सॉफ्टनर टोपणभर घालतो, त्यात फडकं पिळून पानांवरून फिरवतो. धूळ बसायचं थांबत नाही, पण फुंकर मारली की उडते.

दुसरं, ऊन. बाल्कनीतलं माझं झाड दोन वर्षांत हिरव्याचं निळसर झालं. हिरव्या रंगात पिवळा आणि निळा असतो, उन्हात पिवळा आधी उडतो. ते धुऊन परत येत नाही. वाळवतानाही सावलीतच ठेवा.

मोल्डिंगवाला | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

निळ्याबद्दल शंभर टक्के बरोबर. तो बहुतेक वेळा थॅलोसायनिन निळा असतो, उन्हाला दाद देत नाही. पिवळे मात्र बरेचसे लेचेपेचे.

अक्षता_सांगली | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:००

थोडं अवांतर आहे. बाबांच्या फोटोला चंदनाचा हार आहे, सात वर्षं झाली. काळवंडलाय. धुतला तर चालेल का? आई रोज त्याला हात लावून नमस्कार करते, त्यामुळे खालचा गोंडा जास्तच काळा झालाय.

माजघर | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

नको ग, पाणी अजिबात नको. ते लाकडाच्या पातळ सालीचे वळे असतात, पाण्याने फुगतात, वाळताना वाकडे होतात आणि मधल्या दोऱ्याचा रंग त्यांना लागतो. पांढऱ्या कागदावर आडवा ठेव आणि मेकअपच्या मऊ ब्रशने एकेक वळं झाड. खालच्या गोंड्याला हाताचं तेल लागलंय, तिथे कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेव, ते तेल ओढून घेतं. सकाळी झटक. काळा रंग पूर्ण जाणार नाही. मी तर म्हणेन गोंडा तसाच राहू दे, आईच्या हाताचा आहे तो.

रेवती_ठाणे | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०५

वेल झाली!!

सकाळी सगळ्यांना बाहेर काढलं आणि वेल उतरवली. भिंतीवर जिथे ती टेकत होती तिथे वेलीचीच पिवळसर छाया उमटलीय, ती आता वेगळी डोकेदुखी.

आधी काकूंच्या सांगण्याप्रमाणे कोरडा ब्रश. काही उपयोग झाला नाही, ब्रशच पानाला चिकटला. मग टबात कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि लिटरला दोन चमचे या हिशेबाने खायचा सोडा. वेल बुडवली, वर ताट उपडं घातलं कारण ती खरंच तरंगत होती. वीस मिनिटांनी ताट काढलं तर पाणी चहासारखं. त्यावर तवंग, आणि तवंगात मोहरीचे दोन दाणे. मोहरी! गॅसपासून चार फूट उडून पानाच्या बेचक्यात बसलेली, किती वर्षांची कोण जाणे.

पहिल्या पाण्यात पानाचा वरचा थर नुसता मऊ झाला. नखाने ओरबाडलं तर मेणासारखी गोळी निघायची. दुसरं पाणी, पुन्हा सोडा, आणि मुलाचा जुना टूथब्रश. शिरेच्या दोन्ही बाजूंनी गोल फिरवायचा, मग अंगठ्याने पुसायचं. चौथ्या-पाचव्या पानानंतर हात बसला. अंगठ्याखाली 'कचकच' आवाज आला की समजायचं पान निघालं. एकशे बेचाळीस पानं. मोजली कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मजा म्हणजे पानं एकरंगी नाहीतच! मध्ये पिवळे शिंतोडे आहेत. नवऱ्याला दाखवले तर म्हणाला, 'ही आपलीच वेल ना?'

एक अडचण आहे. वाळल्यावर पानांवर पांढुरके ठिपके दिसतायत. साबण राहिला का?

बोअरवेल_वाघोली | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ताई, टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरलंत का? ते क्षार आहेत, आम्ही नळाच्या तोट्यांवर रोज बघतो. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, त्यात खळखळून काढा आणि लगेच फडक्याने टिपा. थेंब पानावर वाळू देऊ नका, ठिपका तिथेच होतो. वेलीत तार असेल तर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवू नका.

चिंगी | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

माझ्या बांबूला मागे काळी बुरशी सापडली. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून मारू का? दोन्ही जालीम.

मोल्डिंगवाला | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१४

नाही!! ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नाही. नुसतं साबणपाणी, ब्रश, आणि पंख्याखाली दोन दिवस खडखडीत वाळवा. बुरशीला ओल हवी असते, ती काढून घ्या.

रेवती_ठाणे | १६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

व्हिनेगरने ठिपके गेले. वाघोलीकर, जिते रहो.

आज फायकस. कोरडा ब्रश दोन तास, काकू, तुमचा अंदाज मिनिटावर बरोबर. पण वरची पानं ब्रशनेही काळपटच राहिली. पांढऱ्या फडक्याची परीक्षा घेतली, रंग उतरला नाही. मग लक्षात आलं की फांद्या खोडात नुसत्या खोचलेल्या आहेत, ओढल्या की 'टॉक' करून निघतात. सगळ्या ओढून काढल्या. एकोणीस. टबात पाच-पाच मिनिटं बुचकळून काढल्या, दोरीवर चिमट्यांनी उलट्या टांगल्या. आमची गॅलरी जंगल झाली होती. खोडाला पाणी लावलं नाही, कोरड्या फडक्याने पुसलं. खोडाच्या बुडाशी भुगा वगैरे काही नव्हता. खरं लाकूड, वाळवीची भीती होती.

आता गंमत. काढण्याआधी फोटो काढायला हवा होता, हे मला एकोणीसच्या एकोणीस काढून झाल्यावर सुचलं. परत खोचताना प्रत्येक फांदीने एकच भोक मागितलं. सासूबाई सोफ्यावरून सूचना देत होत्या, 'डावीकडची जरा टक्कल वाटते.' तीन वेळा काढून घातल्या. शेवटी झाड छान झालं, भरगच्च दिसतंय, आणि माझ्या हातात दोन फांद्या उरल्या. भोकं संपली. घड्याळ दुरुस्त करायला उघडावं आणि बंद केल्यावर दोन स्क्रू उरावेत तसं.

बंड_पंप | १६ ऑक्टोबर, रात्री १०:३१

हसून हसून पुरेवाट. दोन फांद्या उरल्या म्हणजे माझ्यापेक्षा प्रगती आहे. माझ्याकडे फक्त भोकं उरली होती.

खारा_वारा | १६ ऑक्टोबर, रात्री १०:४५

आधी खोडात काही भोकांत दोन-दोन फांद्या असतील. बघा एखादी सैल वाटते का.

माजघर | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

शाब्बास. आता दर शनिवारी पंखा पुसशील तेव्हा झाडावरूनही ब्रश फिरव, पाच मिनिटांचं काम. किचनच्या वेलीची जागा मात्र बदल, नाहीतर पुढच्या दिवाळीला पुन्हा एकशे बेचाळीस.

रेवती_ठाणे | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:००

काकू, वेल आता बेडरूमच्या खिडकीत. किचनच्या भिंतीवरच्या छायेवर कॅलेंडर टांगलंय.

सकाळी समोरच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. हॉलमध्ये थबकल्या, झाडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, 'अगं, किती छान फुटलंय! मागच्या वेळी आले तेव्हा अगदी मरगळलेलं होतं. खत कुठलं घालतेस?' सासूबाई माझ्याकडे बघतायत, मी सासूबाईंकडे. त्या पुढे म्हणाल्या, 'एक फांदी देशील का? लावते आमच्या कुंडीत.'

चिंगी | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:०३

मग???

रेवती_ठाणे | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:१२

मग काय, दोन उरल्याच होत्या. सासूबाईंनीच उठून आणून दिल्या. म्हणाल्या, 'पाणी कमी घाला.'